सासऱ्यांचा पांढरा सफारी

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासऱ्यांशी माझं धड बोलणं नव्हतं. मी चहा द्यायचे, ते मान हलवायचे. काही विचारलं तर उत्तर न देता दुसरीकडे बघायचे. सून म्हणून मी त्यांच्या मनातून उतरलेय, असंच मी धरून चालले होते. भिवंडीत पॉवरलूम दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी बारावी झालेली, नवी, हळू आवाजात बोलणारी.

दिराचं लग्न पडघ्याला होतं. आमच्या बौद्ध लग्नात पांढऱ्या कपड्यांचा मान. सासऱ्यांनी खास पांढरा सफारी शिवून घेतला होता. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी तेच तयार झाले आणि निघता निघता उसळपाव खायला बसले. वाटी कलंडली. छातीवरून खिशापर्यंत पिवळा ओघळ.

सासूबाईंनी शर्ट काढून घेतला, घाईघाईनं साबणाची वडी घासली आणि डाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की असं होतंच, पण त्यांचा धीर सुटला.

"आता काय करू गं? खाली टेम्पो उभा हाय!"

"तुम्ही व्हा पुढे. मी बाबांना घेऊन येते," मी बोलून गेले. टेम्पो गेला. आता घरात आम्ही दोघंच.

मी साबण धुऊन काढला, लिंबू पिळलं. डाग पुन्हा पिवळा झाला. मग शर्ट गच्चीवर कडक उन्हात टाकला. सासरे बनियनवर, टाकीच्या सावलीत बसले. मी दुसऱ्या टोकाला. मागच्या गल्लीत लूम खडखडत होते. दोन हजार सालानंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. वीज गेली आणि सगळे लूम एकदम थांबले.

"जातोय का गं डाग?" सासऱ्यांनी विचारलं.

"फिका झालाय."

त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यांदी बोल, पोरी. लूमनी कान खाल्ले माझे. तू पुटपुटतेस, मला काय बी कळत न्हाय. म्हणून नुसती मान हलवतो."

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "मला वाटलं, तुम्ही रागावलाय!"

"कुणावर?"

"माझ्यावर!" मी जवळजवळ ओरडलेच.

ते खळखळून हसले. "आन् मला वाटलं, शिकलेल्या पोरीला आमच्याशी बोलाय आवडत न्हाय."

मग ते बोलतच सुटले. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला सदरा मित्राचा होता. डाग पडेल या धास्तीनं नवरदेव दिवसभर जेवलाच नव्हता.

वीज नव्हती, म्हणून इस्त्रीऐवजी तांब्यात उकळतं पाणी भरून तोच मी शर्टावर फिरवला. त्यांनी कापड ताणून धरलं. रिक्षानं पडघ्याला पोचलो, तेव्हा वंदना सुरू व्हायची होती. सासूबाईंनी आधी शर्ट निरखला. खिशाजवळ पुसट पिवळी झाक होती, जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हती. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

पुढे रोज संध्याकाळी सासरे मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे. "सासऱ्याशी भांडतेस का गं रोज?" शेजारीण विचारायची.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात सगळ्यांचे कान चांगले आहेत, तरी मी चढ्या आवाजातच बोलते. मुलं कुरकुरतात. बोलू देत.