तिगावच्या प्लॅटफॉर्मवरचं गाजरगवत

शेण काढून झालं होतं, ओली लाकडं पेटत नव्हती, मी चुलीत फुंकत होते. आमचे हे दारात येऊन म्हणाले, "आपलं गवत रेल्वेनं गेलं."

मला काही कळेना.

आदल्या वर्षी हे छिंदवाड्याला शिबिर करून आले होते. गाजरगवत कसं काढायचं, त्या जागी आपलं मारवेल गवत कसं आणायचं. गावची चराई या गाजरगवतानं खाल्ली होती. गायींना तोंड घालायला जागा नव्हती.

ह्यांनी गावातच ट्रेनिंग सुरू केलं. पैसे नाहीत, फक्त चहा.

"हाताला प्लास्टिक बांधा. बुडाशी धरा. मुळासकट आलं पाहिजे. मोकळ्या जागेत लगेच मारवेलचं बी टाका."

पण लोकांना कपाशीच्या निंदणातून सवड मिळाली पोळ्यानंतर. तोवर गवत फुलावर आलेलं. उपटलं, बांधावर ढीग लावले. वाळल्यावर जाळू, असं ठरलं.

तेवढ्यात संत्रा निघाला. पेट्यांत अंथरायला त्या साली तणस मिळेना. कोणीतरी ते वाळलेले ढीगच उचलले. मऊ होतं, फुकट होतं. बांधणाऱ्यांचे हात खाजले, पण पेट्या तिगाव स्टेशनवर पोचल्या आणि फटींतून बी तिथं सांडलं.

पुढच्या पावसात प्लॅटफॉर्मची कड पांढऱ्या फुलांनी भरली.

चहावाल्यानं ह्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "काहो भाऊ, तुमचं गवत टिकिट काढून आलं का बिनटिकिट?"

लोक हसले. हे घरी आले ते असे.

मी म्हटलं, "मंग दुसरं शिबिर घ्या. उपटल्यावर काय करायचं तेबी सांगा."

"कोन्या तोंडानं सांगू वं?"

"याच तोंडानं. दुसरं कुठून आनता?"

ह्यांना हसू आलं नाही.

शिबिर पुन्हा झालं नाही. बी टाकलं होतं तिथं मारवेल चांगलं उगवलं होतं. एक वर्ष गायी चरल्या. मग राखायला कोणी उरलं नाही आणि गाजरगवत परत आलं. आजही आहे.

शेवटच्या दुखण्यात एकदा त्या राहिलेल्या शिबिराबद्दल म्हणाले, "चार पोट्टे तरी आले असते. मी बलावलंच नाई."

खरंच होतं ते.

आज ह्यांना जाऊन एक वर्ष झालं.

तुम्ही शिकवलं ते चुकीचं नव्हतं. एक दिवस अजून शिकवायचं राहिलं, एवढंच. शांत असा.

चहावाल्यानं विचारलं त्या दिवशी घरी आल्यावर हे पुन्हा बाहेर पडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊबाईला घेऊन मी तिगावला गेले. फुलं झडून बी सांडू नये म्हणून गवत उपटून ओल्या पोत्यात भरलं, स्टेशनामागं खड्डा खणला आणि पुरलं.