तंगी बरी होईतोवर

धारवाडला बिऱ्हाड थाटलं आणि वर्षाच्या आत मला मुलगा झाला. तो जेमतेम मान धरू लागला होता, तोच मला विषमज्वरानं गाठलं. तेव्हा त्यावर औषध कुठलं! लंघन करायचं आणि ताप उतरायची वाट बघायची. माझं दूध आटलं. वरचं दूध पोराला पचेना. डोळ्यांदेखत सुकत चालला.

शेजारची अक्का लिंगायत. घरात कानडी, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. तिची लेकही अंगावर पिणारी. एका सकाळी दारात येऊन ती म्हणाली, "तंगी बरी होईतोवर बाळ माझ्याकडं द्या." तंगी म्हणजे धाकटी बहीण, मला ती तसंच म्हणायची. आमच्या सासूबाईंचं सोवळं म्हणजे काय विचारता! पण त्यांनी तोंडातून ब्र न काढता नातू तिच्या हाती दिला. मग एका मांडीवर तिची लेक, दुसरीवर माझा लेक. पोरानं बाळसं धरलं.

मी उठून बसले तोवर डोक्यावरचे केस गेलेले, अंगाची नुसती हाडं. बाळाला जवळ घेतलं तर असा किंचाळला म्हणता! आता त्याला वरचं दूध पचलं असतं, पण माझ्या हातचा थेंब घेईल तर शपथ. कुंपणाकडं हात करून अक्कासाठी आकांत करायचा. जीव जळायचा हो माझा. "माझंच पोर आणि मीच परकी!" म्हणून मी एक दिवस भांडी आदळली. अक्काच्या कानावर गेलंच असणार, कुंपण ते केवढं!

संध्याकाळी ती आली आणि माझ्या शेजारी बसून तिनं त्याला पदराखाली घेतलं. मला वाटलं, उठून निघून जावं. तेवढ्यात त्यानं तोंड वेडंवाकडं करून मान फिरवली. पुन्हा तोंड लावलं, पुन्हा फिरवली आणि भोकाड पसरलं. अंगावरचं तोडताना लावतात तसा अक्कानं कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता. तिनं त्याला माझ्या मांडीवर दिलं, दुधाची वाटी पुढं केली. "आता तूच पाज," म्हणाली. हुंदके देत देत प्याला. माझ्या हातनं प्याला!

अक्का डोळे पुसत उठली. तोच पलीकडून तिची लेक भुकेनं रडायला लागली. कडुलिंब धुतला म्हणून लगेच जातो थोडाच!

"अगं अक्का, आता तिचं काय?"

"रडंल थोडं," ती म्हणाली. "तिची आई तिच्याजवळच आहे की."