वजन म्हणजे कुठलं वजन

मामांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात घरबसल्या नोकरी करणारी मी एकटीच. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. लॅपटॉप काय, कुठंही उघडता येतो, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मामांचं आयुष्य शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर गेलं. आता मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणून अंगात साठलेलं पाणी यंत्रानं काढावं लागतं. जादा पाणी नसतानाचं ते कोरडं वजन; काटा त्याच्या वर जेवढे किलो दाखवेल तेवढे लिटर काढायचे.

त्या केंद्रात आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं, हे पहिल्या दिवशीच पडद्यावरच्या रंगांवरून मला कळलं होतं. बोलले मात्र नाही. बोलले असते तर प्रिंटर अडकला तरी मलाच हाक मारली असती.

या सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरांना स्वतःची सूत्रं लिहिता येतात. प्रत्येक आकड्याला पूर्ण नाव असतं: आधी विभागाचं, मग टिंब, मग त्याचं स्वतःचं. 'डायलिसिस.वजन', 'आहार.वजन', असं. पण दरवेळी एवढं लांब कोण लिहिणार? म्हणून टोपणनावाची सोय आहे. एकदा सांगून ठेवायचं की नुसतं 'वजन' म्हटलं की 'डायलिसिस.वजन' समज. सूत्रात आलेलं नाव नेमकं कुणाचं, हे ठरवणारा भाग सांभाळायचं काम माझं. लिहिला दुसऱ्याच कुणीतरी, आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेला.

एप्रिलची दुपार होती. मामा यंत्राला जोडलेले, मी शेजारच्या स्टुलावर मीटिंग ऐकत बसलेली. मामा म्हणाले, "पोरी, पाय ओढायलेत."

मी पोटरी चोळायला लागले. पोटरी दगडासारखी झाली होती. मग त्यांनी एकामागून एक जांभया दिल्या, कपाळावर घाम आला आणि ते बोलायचेच थांबले. मी ओरडूनच सिस्टरना बोलावलं. त्यांनी पलंगाचं डोकं खाली केलं, सलाईन सोडलं, रक्तदाब बघितला.

"बीपी पडलंय. लई पाणी पिले का हो घरी?" त्या म्हणाल्या. "स्क्रीनवर चार लिटर काढायचं दाखवायलंय की. मला वाटलं, उन्हाळा आहे, पिले असतील."

"चार कसे?" मी म्हटलं. "सकाळी काट्यावर मीच त्यांना धरून उभी होते. एकसष्ट भरलं. त्यांचं कोरडं वजन एकोणसाठ. दोनच लिटर होतात."

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी काट्यावरचा आकडा पुन्हा मागवला, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि यंत्र पाणी ओढत होतं ते थांबवलं. थोड्या वेळानं मामांनी डोळे उघडले आणि आमच्या घरच्या तेलुगूत पाणी मागितलं. ते नेहमीच मागतात. त्या दिवशी मला रडू आलं.

पण रडायला सवड नव्हती. मी रांगेतल्या बाकीच्या पलंगांकडे बघितलं. सगळे डोळे मिटून पडलेले, समोर टीव्हीवर कसलीशी मालिका.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतच मी काम करते. स्क्रीनवरून आज कुणाचाच आकडा घेऊ नका. सगळे हातानं काढा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला स्टुलासकट कुठंतरी जावंसं वाटलं. पण काही न विचारता त्यांनी सिस्टरना पहिल्या पलंगापासून सुरुवात करायला सांगितलं.

मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. कारण सापडायला वेळ लागला नाही. केंद्रात नवीन आहारतज्ज्ञ आल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःची सूत्रं घातली होती आणि त्यांनीही 'वजन' हेच टोपणनाव ठेवलं होतं. त्यांचं वजन म्हणजे 'आहार.वजन': त्यांच्या टेबलापाशी, जेवल्यावर, चपला-कपड्यांसकट घेतलेलं. मामांचं ते मागच्या खेपेला त्रेसष्ट भरलं होतं; त्यातून एकोणसाठ वजा, म्हणून चार. एकाच नावाला दोन मालक, आणि आमचा कोड कुणालाही न विचारता शेवटी आलेल्याला नाव देऊन मोकळा.

मी पुण्याला टीम लीडला फोन लावला.

"नावाचे दोन अर्थ निघत असतील तर आपण अंदाज करायचाच नाही," मी म्हटलं. "थांबायचं आणि विचारायचं."

"मग सगळीकडे लाल पट्ट्या दिसतील. लोक वैतागतील."

"वैतागू देत."

"मामा आहेत म्हणून तू भावनिक होतेयस."

"मामा आहेत म्हणून मला कळलं तरी. बाकीच्यांच्या शेजारी कोण बसलंय?"

मग तो म्हणाला, "तू लिहायला घे. तोपर्यंत सगळ्या केंद्रांना मी कळवतो. वर मी बोलतो."

पुढचे दिवस मी कुठंच नीट बसले नाही. बदल लहानसाच वाटत होता, पण त्याला फाटे फुटत गेले. टोपणनावाचंच टोपणनाव असेल तर? कुणी विभागाच्याच नावाला टोपणनाव ठेवलं असेल तर टिंबाच्या आधीचा शब्द तरी खरा कशावरून? एकेक शंका भाजी घेताना यायची, स्कूटर सिग्नलला उभी असताना यायची. ताटात घास तसाच राहायचा. शेजारच्या कारखान्यातले माग वीज गेली की एकदम बंद पडतात. त्या शांततेनंही मी दचकायची. मामी म्हणाली, "आजारी मामा आहेत का तू, तेच कळंना झालंय."

नवा बदल केंद्रात पोचला त्या दिवशी मामांच्या पलंगापाशी लाल पट्टी आली: 'वजन' नावाचे दोन आकडे आहेत, कुठला घ्यायचा?

"ताई, हे काय नवीन लफडं?" सिस्टर म्हणाल्या. "रोज विचारत बसणार का हे आता?"

"नाही. एकदा सांगा, लक्षात ठेवेल."

त्यांनी डायलिसिसचं वजन निवडलं. पट्टी गेली. आकडा बरोबर आला. आहारतज्ज्ञही येऊन बघून गेल्या, थोड्या घुश्शात, पण आपलं नाव बदलून घेतलं. मामा तेवढ्यात घोरायलाही लागले होते.

माझी धाकधूक मात्र गेली नाही. मामांना जोडून झालं की मी उठते आणि पाणी प्यायच्या निमित्तानं रांगेतून जाते, प्रत्येक पडदा वाचत. परवा नातेपुत्याकडच्या एका बाईंनी मला हटकलं. त्यांचे मालक शेवटच्या पलंगावर असतात.

"तुमी डॉक्टर हायसा का?"

"नाही."

"मग आमच्या आकड्याकडं काय बघताय?"

"बरोबर आहे का ते बघते," मी म्हटलं.

पलंगाशेजारच्या बाकावर त्या सरकल्या, माझ्यासाठी जागा केली. "मग बघा की नीट. वजन अठ्ठावन्न भरलंय. कोरडं साडेपंचावन्न. हाय का बरोबर?"

पडद्यावर अडीच होतं. "बरोबर आहे," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसून वजाबाकी पुन्हा एकदा केली.