चिरुटाचं पोट

अमेरिकेत कुठेतरी भाऊबंदकी पेटली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचे दिवस आले. त्या वर्षांत अमरावतीत जो तो पारखी झाला होता. कालपरवापर्यंत चिलमीवर समाधान मानणारी माणसं घड्याळ कानाला लावून ते अस्सल विलायती की नाही हे सांगू लागली. माझे मामा छत्री हुंगून पाहत. वासावरून त्यांना काय कळे ते त्यांनाच ठाऊक, पण हुंगल्यावर ते मान अशी हलवत की दुकानदाराचा धीर सुटे.

या पारख्यांत माझा नंबर वरचा. रुईची चिमूट बोटांत धरून तिची तार ओढायची आणि माल कोणत्या वेचणीचा, पाणी मारलेला की कोरडा, हे सांगायचं, ही माझी विद्या. बाजारात मला मान होता. मान मिळाला की माणूस ज्यातलं ओ की ठो कळत नाही त्यातही मत देऊ लागतो. मीही देत असे.

त्या हंगामात मामा आणि मी चाळीस बोजे घेऊन अकोल्याला गेलो. बोजा म्हणजे गोणपाटात पायांनी तुडवून भरलेली रुई. मुंबईहून आलेला एक इंग्रज साहेब तिथे तंबू ठोकून होता. गावोगावचा माल गोळा करून देणारा एकच भरवशाचा माणूस त्याला कायमचा हवा होता. ते काम मामांना मिळालं असतं तर त्यात माझीही भागी होती, आणि माझ्या मुलांच्या हातून नांगर सुटला असता. मला ते फार हवं होतं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा माल पाहायला येणार होता.

"फळाच्या पाट्या तं सारेच देतेत," मामा म्हणाले. "साहेब त्या घोड्याले चारते. आपून चिरूट देऊ."

मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका म्हातारीचं पान-तंबाखूचं दुकान होतं. माळ्याची विधवा. एका फळीवर पानं, दुसऱ्या फळीवर तंबाखू आणि मध्ये ती स्वतः, एवढंच दुकान. तिच्याकडे चिरुटांची एक लाकडी पेटी होती. विलायतेला परत गेलेल्या कोण्या साहेबाचा खानसामा ती विकून गेला होता. चिरूट गुळगुळीत, तपकिरी, प्रत्येकाच्या कमरेला लाल कागदाची पट्टी. मामांनी एक हुंगला, मान हलवली आणि पेटी घेतली.

बिऱ्हाडी आल्यावर शंका निघाली. हे अस्सल साहेबी चिरूट कशावरून? एका गाडीवानाने कानाशी धरून दाबला, तो कुरकुरला नाही. दुसरा म्हणाला, पाण्यात टाका, खरा असला तर तरंगंल. असल्या अडाणीपणाचं मला हसू आलं.

"वरचं पान पाहून काय समजते?" मी म्हणालो. "पोट पाहा."

आमच्याकडे कोणी बोजा वरून घेत नसे. टाके उसवायचे, हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधली रुई उपसायची आणि मग बोलायचं. मी विळ्याने एक चिरूट उभा चिरला, बोजासारखा. वरचं पान रेशमासारखं, एकसंध. आत मात्र तीन तऱ्हांची पानं, काळपट, फाटकी, घडी घालून कोंबलेली. मी प्रत्येकाची चिमूट घेऊन ओढून पाहिली, जणू तिचीही तार निघणार होती.

"पाहा," मी म्हणालो. "वरून कीर्तन, आतून तमाशा!"

सगळ्यांनी माना डोलवल्या. तशी लबाडी आमच्याइतकी जगात कोणाला ओळखू येणार?

आम्ही तडक दुकानावर गेलो. भर बाजाराच्या वेळी मी तो चिरलेला चिरूट हातात नाचवला. "पाहा हो, वर चांगला माल अन् अंदर कचरा! अशानंच बाजार बदनाम होते!" म्हातारीला पहिल्यांदा काही उमगेना. मग तिचा चेहरा उतरला.

"मी काय उकलून पाहिलं काय, भाऊ?" ती म्हणाली. "आलं तसं इकलं. जलमात कोनाले फसवलं नाई मी."

मी ऐकतोय कुठला. लोक जमले होते आणि मला श्रोते मिळाले की चेव येतो. आम्ही पैसे परत घेतले आणि पेटीही पुरावा म्हणून ठेवून घेतली. जाताना मागे पाहिलं तर दुकानासमोर गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्या रात्री मी छान झोपलो, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मामांना यातून आणखी एक युक्ती सुचली. भेट फसली तरी हरकत नाही, हीच हकीकत साहेबाला सांगायची. खोटा माल पकडणारी माणसं म्हटल्यावर तो काम दुसऱ्या कोणाला कशाला देईल?

सकाळी साहेब आला. मामांनी पेटी पुढे केली आणि मी माझ्या मोडक्या हिंदुस्थानीत सगळी कथा रंगवून सांगितली. साहेबाने चिरलेला चिरूट उलटून पाहिला, पेटीतला एक काढून नाकाशी धरला आणि हसू लागला. मग त्याने स्वतःच्या खिशातला चिरूट काढला, चाकूने चिरला आणि आमच्यापुढे धरला. आत तीच तीन तऱ्हांची पानं.

"सब चिरूट ऐसा ही बनता है," तो म्हणाला. "ऊपर का पत्ता बांधने को, अंदर का पीने को. ये असली है, बहुत अच्छा है."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. प्रकरण इथे संपलं असतं तर बरं होतं. पण साहेब पेटीतला एक चिरूट शिलगावत सहज म्हणाला, "ऊपर से इतना अच्छा माल, तुमको अंदर देखने का कैसे सूझा?"

हा प्रश्न माझ्या विद्येबद्दल होता. मघाच्या फजितीने मी आधीच पोळलो होतो, त्यामुळे हुशारी दाखवायची संधी सोडवेना. मी म्हणालो, "साहेब, ये तो हमारा रिवाज है. ऊपर नवा माल डालते, बीच में पुराना. जो अंदर नहीं देखता वो मूरख."

आपण काय बोललो हे मला बोलून झाल्यावर कळलं. मामांना आधीच कळलं होतं.

साहेब चिडला नाही. चिडला असता तर पाय धरता आले असते. त्याने आपल्या माणसाला नुसती खूण केली आणि तो चाकू घेऊन बोजांकडे गेला. पहिल्या बोजात वर पांढरीशुभ्र रुई आणि मध्ये गेल्या सालची पिवळी, भिजून वाळलेली. ती मीच तुडवली होती, दोन दिवस, या पायांनी. दुसऱ्यातही तेच. साहेब एका फाडलेल्या बोजावर बसून म्हातारीचा चिरूट ओढत राहिला आणि चाळीसच्या चाळीस फाडून होईपर्यंत उठला नाही. उठताना एवढंच म्हणाला की पेटी तो ठेवून घेतोय, तिचं मोल दुकानदाराला पोचवा. मग आमचा माल तसाच उसवलेला टाकून तो तंबूकडे निघून गेला.

मामा म्हणाले, "काहून बोलला रे तू?" पुढे कितीतरी वर्षं ते मला हेच विचारत राहिले.

दुकानावर जायला मामा तयार नव्हते, म्हणून मी गेलो. बाजार भरला होता. कालचेच लोक मला पाहून थांबले. मी पैसे तिच्या फळीवर ठेवले आणि माल खरा होता, साहेबानेच सांगितलं, चूक माझी, असं म्हणालो. आवाज कालच्याइतका मोठा निघत नव्हता.

म्हातारीने शिवी दिली असती तर मी घेतली असती. तिने पैसे डोक्याला लावून बटव्यात टाकले.

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. मग खरोखरच्या काळजीने तिने विचारलं, "अन् तुमचे बोजे? घेतले काय साहेबानं?"

"नाई."

"काहून?"

तिला काही माहीत नव्हतं. ती विचारत होती ते आपुलकीने. पण लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि कालच्या इतक्या बोलण्यानंतर आज गप्प राहून निघून जाणं मला जमेना.

"वर चांगला माल होता, बाई," मी म्हणालो. "अंदर कचरा."