नव्या रंगाची भिंत

वेल्समध्ये भूकंप झाला की लोकांना आनंद होतो. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. त्या दुपारी कार्डिफच्या आमच्या ऑफिसात कपाटांची दारं दोनदा खडखडली, कुणाचीशी कॉफी कीबोर्डवर सांडली आणि पाच मिनिटांत सगळे एकमेकांना विनोद पाठवायला लागले. संध्याकाळी मुलगा शाळेतून नाचतच घरी आला. "मम्मा, अर्थक्वेक! आमचा होल क्लास शेक झाली!" मी त्याच्यावर ओरडले. बिचाऱ्याला कारण कळलं नाही. मी कोयनेच्या खोऱ्यातली. जमीन गुरगुरली की घरातली सगळी माणसं अंगणात आली का, हे आधी बघायचं, अशा घरात वाढलेली.

भूगर्भशास्त्र शिकले तेही त्यामुळेच. पायाखाली काय चाललंय ते कुणीतरी सांगावं असं लहानपणी फार वाटायचं. कुणी सांगितलं नाही, मग मीच शिकले, आणि सांगायला येऊन पोचले या चिमुकल्या देशात. इथले खडक इतके जुने की भूशास्त्राच्या पुस्तकांतल्या दोन-तीन कालखंडांना इथल्याच प्राचीन टोळ्यांची, मुलखाची नावं आहेत. इथले भूकंप मात्र अगदीच नेमस्त. खरी भीती त्यांची नाहीच. दक्षिणेच्या दऱ्यांमध्ये लोकांनी दीडदोनशे वर्षं कोळसा उपसला आणि खालच्या पोकळीवर घरांच्या रांगा तशाच राहिल्या. घराला भेग पडली की ती जुन्या खाणीमुळे, हादऱ्यामुळे की नुसती म्हातारपणामुळे, आणि आत राहावं की नाही, हे सांगणं माझी नोकरी.

त्या हादऱ्यानंतरच्या आठवड्यात एका दरीतल्या म्हाताऱ्याकडे गेले. घर विकायला काढलेलं. बैठकीच्या खोलीत फुलाफुलांचा कोराकरकरीत वॉलपेपर. मी कोटही न काढता विचारलं, "हा कधी लावलात?" तो चहाचं विचारू लागला. मी कागदाचं टोक धरून ओढलं. मागे माझी दोन बोटं जातील एवढी भेग. त्याला मी तिथेच फैलावर घेतलं, जीव स्वस्त झालाय का म्हणून. ताजा रंग दिसला की आधी संशय घ्यायचा, हे मी नव्या पोरांनाही शिकवते. त्या रात्री जेवताना नवऱ्याला ही गोष्ट मी हसत हसत सांगितली, आणि स्वतःवर चांगलीच खूश होते.

आता आईचं सांगते. वडील गेल्यावर ती गावातल्या घरात एकटीच राहत होती. वडिलांनीच बांधलेल्या चार खोल्या, दगडमातीच्या भिंती. कराडचे मामा दरवर्षी म्हणायचे, ताई, इकडे ये, तिथे कधी काय होईल नेम नाही. तेव्हा निवाडा मीच दिला होता. मी वर्षातून एकदा येते, घर बघते. ज्या दिवशी मला भेग दिसेल त्या दिवशी आई घर सोडेल, तोवर तिला कुणी काही म्हणायचं नाही. आईने तेवढ्यावर मामांचं तोंड बंद केलं. "लेकीनं पास केलंय घर. ती विलायतेत लोकांची घरं बघते."

त्याच वर्षी डिसेंबरात सहा दिवसांसाठी गावी गेले. दारातच रंगाचा वास आला. मागच्या खोलीला फिकट पिवळा रंग, आणि कपाट इकडचं तिकडे सरकवलेलं. मी म्हटलं, "वा आई, घर नव्यासारखं दिसतंय!"

"तू यायची होतीस ना," ती म्हणाली.

मी तृप्त झाले. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर कपाट हलवायला लावलं असतं. इथे हातात चहाचा कप घेऊन चारही खोल्यांतून एक चक्कर मारली आणि मामांना फोन करून सांगितलं, घर ठणठणीत आहे. मग सहा दिवस नुसती जेवले आणि झोपले. झोपले तीही त्याच भिंतीशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मार्चमध्ये तिथे एक बारीकसा धक्का बसला. आसपास कुणाचं कौलही हललं नाही. आमची मागची भिंत तेवढी आत कोसळली. आई त्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. खुब्याचं हाड मोडलं.

मी पोचले ती आधी घरी गेले, मग दवाखान्यात. हाही माझा स्वभाव. ढिगाऱ्यात गिलाव्याचे तुकडे पडले होते. जुन्या भेगेत सिमेंट कोंबून वरून हात फिरवलेला, त्यावर पिवळा रंग. गावातला गवंडी मान खाली घालून उभा होता. "मी म्हटलं होतं ताईंना, हे असं टिकायचं नाय. त्या म्हणाल्या, आत्ता झाक, लेक जाऊ दे, मग बघू."

मला आईचा भयंकर राग आला. दवाखान्यात तिच्या उशाशी बसले तरी तो गेला नव्हता. दरीतल्या त्या म्हाताऱ्याशी बोलले होते त्याच आवाजात मी विचारलं, "आई, मला सांगितलं का नाहीस? माझा धंदाच आहे हा!"

"माहेरवाशीण चार दिवस येते," ती म्हणाली, "तिला काय भेगा दाखवायच्या?"

"म्हणून जीव द्यायचा?"

 अगदी साध्या आवाजात, राग नाही की रुसवा नाही, तिने विचारलं, "दाखवली असती, तर तू राहिली असतीस?"

मी पाण्याचा ग्लास उचलून तिच्या तोंडाला लावला. गवंड्याला पैसे दिले असते, मामांना बोलावलं असतं, तिची बॅग भरून दिली असती. राहिले नसते. आताचंही माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं.