दुसऱ्या यंत्रावर तुम्ही पुढे आहात

अख्खं ग्रंथालय खिशात, असं ज्यानं लिहिलं त्यानं फसवलंय आपल्याला! ग्रंथालय खिशात येतं, कबूल. पण वाचलेल्या पुस्तकावर भांडायला समोर माणूस लागतो, तो कुठल्या खिशात मिळतो, हे त्यानं लिहिलंच नाही. या ई-रीडरच्या नादात आमच्याकडं इतके किस्से साठलेत, की आता सांगून टाकलेले बरे.

तेलगावच्या चौकात सगळ्या गाड्या थांबतात आणि सगळ्या कुठंतरी निघून जातात. कॉलेज संपवून मी मात्र उलटा परत आलो. चौकातल्या शिवलिंगअप्पांच्या कापड दुकानातल्या गादीवर संध्याकाळी आमचं वाचक मंडळ बसायचं. मंडळ म्हणजे मी, मोबाइल दुरुस्तीवाला उमाकांत, तासिकेवर शिकवणारे भागवत सर आणि जागा त्यांची म्हणून अप्पा. अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मागच्या घरातून चहा आणायच्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो.

●

पहिलं भांडण, कोणतं यंत्र चांगलं? मी काळं घेतलं होतं, भागवत सरांनी दुसऱ्या कंपनीचं पांढरं. उमाकांत मोबाइलवरचे रिव्ह्यू मोठ्यानं वाचून दाखवायचा. काळ्याबद्दल लिहिलं होतं, ‘वाचनातली क्रांती!’ आठवड्यानं त्याच माणसानं पांढऱ्याबद्दल लिहिलं, ‘वाचनातली क्रांती!’

उमाकांत म्हणाला, “आठवड्याला दोन क्रांत्या बे? आन् आपल्याकडं सकाळपासून लाइट न्हाई!”

●

एक कबूल करतो. जाहिरातीतली एक गोष्ट शंभर टक्के खरी निघाली. ‘बॅटरी अनेक आठवडे टिकते.’

भागवत सरांची महिनाभर टिकली. कशी काय, म्हणून मी विचारलं.

“उघडलंच न्हाई ना!” सर म्हणाले.

●

शेवटी सरांनी पांढरं विकलं, आणि मी मंडळासाठी दुसरं काळं घेतलं. ते गादीवर राहणार होतं. दुकानात नवं काही आलं, मग तो वजनकाटा असो की पंखा, अप्पा आधी त्याला भस्म लावतात. यंत्रालाही त्यांनी डोळे मिटून तीन बोटं ओढली. पडदा स्पर्शाचा! बोटं फिरली तशी पानं भराभर उलटली आणि आत्ताच उघडलेली कादंबरी थेट पुढच्या प्रकरणात गेली.

अप्पांनी डोळे उघडले. “बघा, देवाचं नाव घेतलं की वाचन बी कसं पटापटा होतंय!”

●

मग मीच एक रिव्ह्यू लिहिला, खराखुरा. शेवटचं वाक्य होतं, ‘यंत्र उत्तम आहे, पण ते एकट्या माणसाला आणखी एकटं करतं.’ पुण्याच्या एका वेबसाइटला पाठवला. संपादकांचा फोन आला, “सुंदर लिहिलंय. फक्त शेवट जरा उदास होता, म्हणून तिथं ‘गेमचेंजर’ टाकलंय.”

तेव्हापासून उमाकांत मला विजू म्हणत नाही. “ओ गेमचेंजर, सरका तिकडं!”

पण त्याच लेखावरून वेबसाइटनं मला नोकरी देऊ केली. पुण्यात.

●

त्याआधीच भागवत सरांना पुण्यात कायमची नोकरी लागली होती. ते निघताना मी म्हणालो, “सर, गादीवरची कादंबरी तुम्हाला पाठवू का?”

“कशाला? चारशे पीडीएफ हायेत माझ्याकडं.”

“वाचल्या किती?”

“अरे, डाउनलोडलाच लई येळ जातो!”

गाडी सुटली. मी हात हलवत होतो आणि सर मोबाइलमध्ये बघत होते. बहुतेक डाउनलोड चालू असावं.

●

आता हा शेवटचा.

सर गेल्यावर गादीवर बसून मी चिडून सांगितलं, “या गावात एकानं जरी ही कादंबरी शेवटपर्यंत वाचली, तरच थांबतो. नाहीतर मीपण चाललो पुण्याला!” उमाकांत हसला. अप्पा गिऱ्हाइकाला साडी दाखवत होते. काकू कप उचलत होत्या.

दोन्ही काळी यंत्रं माझ्याच खात्यावर होती. त्यामुळं गादीवरच्या यंत्रात कुणी पुढं वाचलं, की माझं यंत्र सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं उघडलं, तर पडद्यावर अक्षरं, ‘दुसऱ्या यंत्रावर तुम्ही पुढे आहात. तिथे जायचे का?’

मी ते दोनदा वाचलं. माझ्या पुढं कुणीतरी होतं!

मग रोज सकाळी तेच. तो अनोळखी वाचक दोन पानं, चार पानं पुढं जायचा, मी धावत त्याला गाठायचो. नायिका गाव सोडते त्या पानावर मी थांबलो, वाटलं, तोही इथं थांबला असेल. विचारायचं मुद्दाम टाळलं. लाजत असेल बिचारा, संपल्यावर आपणच बोलेल. किती महिन्यांनी मला बोलायला कुणीतरी मिळणार होतं! पुण्याला मी नकार कळवून टाकला.

परवा पडद्यावर आलं, ‘दुसऱ्या यंत्रावर हे पुस्तक वाचून पूर्ण झाले.’

तसाच गादीवर गेलो. “कुणी वाचली? शेवट पटला का?”

उमाकांतनं आईची शपथ घेतली, “मी न्हाई बे!”

अप्पा म्हणाले, “माझा चष्मा तर कवाचा फुटलाय.”

काकू चहा घेऊन आल्या. माझ्या हातात कप दिला आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “रोज दिवा लावून झाला, की अप्पांसारखी बोटं ओढून दोन-चार पानं सारत होते बघ. संपलं ते. आता दुसरं टाक की रे विजू, जरा मोठं बघून.”