अंग चोरू नको, म्हणायची आत्या

आत्याचं वजन शेवटी अडतीस किलो होतं.
माझं बहात्तर.

हा बहात्तरचा आकडा मी आजवर कुणालाही सांगितला नव्हता. आज सगळ्यांसमोर लिहितेय. आत्याला जाऊन आज महिना झाला. तिला माझ्या वजनाची कधी लाज वाटली नाही. मलाच वाटायची.

सुमनआत्या म्हणजे माझ्या पप्पांची मोठी बहीण. मांजर्लीला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ती दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात ती धागे कापायची. दिवसभर मांडी घालून, हातात छोटी कात्री.

संध्याकाळी आली की चहा. मग गाऊनवर ओढणी कमरेला घट्ट बांधून थेट गच्चीवर. बिल्डिंगमधल्या चार-पाच बायका जमायच्या. झिम्मा, फुगड्या. गौरी-गणपती असोत नाहीतर नसोत.

मी त्यांच्यात नसायचे. मी फिटनेसवाली होते ना!

घरातली पहिली ग्रॅज्युएट. अंबरनाथला एमआयडीसीत नोकरी, आठ तास खुर्चीवर. तिथून कात्रपच्या जिममध्ये. दुपारच्या डब्यात काकडी. मनगटावर पावलं मोजणारा बँड.

एकदा आत्याने तो बँड मागून घेतला आणि दिवसभर कामावर घातला. संध्याकाळी बघते तर तिची पावलं माझ्यापेक्षा जास्त. कात्रीचा एकेक झटका त्याने पाऊल म्हणून धरला होता.

"बसल्या बसल्या वांगणीला जाऊन आले बघ," म्हणाली.

सगळे हसले. मी चिडले होते. मी उपाशी राहून चालत होते आणि ती मला हरवून चहा पीत होती.

त्याच महिन्यात पप्पांनी माझा पदवीदानाचा फोटो फ्रेम करून आणला. हॉलमध्ये, दारातून आत आल्या आल्या दिसेल असा लावला.
मी तो काढायला लावला. त्या काळ्या झग्यात मी जाड दिसत होते.
पप्पांनी फ्रेम पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवली.

चार दिवसांनी मी जिममध्ये चक्कर येऊन पडले.

घ्यायला आत्या आली. शेअर रिक्षात आम्ही मागे तिघी. मी नेहमीसारखी कोपऱ्यात, खांदे आत ओढून, बॅग पोटाशी घट्ट धरून. उतरल्यावर आत्याने विचारलं, मी कायम अशीच बसते का. म्हटलं, दुसऱ्यांना जागा नको का?

"मग तू काय वाऱ्यावर बसलेलीस? एवढं अंग चोरतात का गो?"

दुसऱ्या दिवशी तिने आधी मला डाळ-भात खायला घातला. मग संध्याकाळी हाताला धरून गच्चीवर नेलं.

हातांची कैची केली. उजव्यात उजवा, डाव्यात डावा. पायाला पाय लावले. फिरायला लागलो आणि मला एकच भीती. मी मागे झुकले तर माझ्या वजनाने ही बारीक बाई पडेल. म्हणून मी सगळं अंग आवरून धरलं.

आत्या थांबली. धापा टाकत म्हणाली,

"अंग चोरू नको. फुगडीत वजन द्यावं लागतं. तू दिलं नाहीस तर मी कशाच्या जोरावर फिरू?"

माझ्या वजनाचा कुणाला उपयोग असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी मागे झुकले.
सगळेच्या सगळे बहात्तर किलो तिच्या हातात दिले.

ती पडली नाही. गच्ची, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं फिरत होतं आणि आत्या तोंडाने पकवा घालत, फुगडीचा ठेका धरत हसत होती.

मी म्हटलं, अजून एक. ती म्हणाली, उद्या.

हा तिचा नियम होता. अजून एक हवीशी वाटते ना, तेव्हाच थांबायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी पाय आपोआप जिना चढतात.

दोन वर्षं माझे पाय जिना चढले. जिम मी सोडली नाही, पण आता जेवून जाते आणि तिथेही आत्याच्या नियमाने थांबते. वजन? दोन किलो इकडे, दोन किलो तिकडे. फोटो परत भिंतीवर आहे. खिळा मीच ठोकला.

मग आत्याच्या पोटाचं दुखणं निघालं. सहा महिने.

शेवटच्या दुपारी हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ मी एकटीच होते. तिला बोलवत नव्हतं. तिने दोन्ही हात वर केले, एकावर एक, आणि माझ्यापुढे धरले.

मला वाटलं, सलाईनची नळी अडकली.

मी तिचे हात सोडवले. नळी सरळ केली. हात एकेक करून चादरीखाली ठेवले. म्हटलं, आत्या, हलू नकोस, सुई निघेल.

ती माझ्याकडे बघून थोडी हसली. मला वाटलं, तिला बरं वाटलं.

संध्याकाळी ती गेली.

तेरावं झाल्यावर कपडे काढायला गच्चीवर गेले. बायका नुसत्याच बसल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या शालूताई उठल्या. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले.
एकावर एक.

मी तिथेच खाली बसले.

आत्या, तू मला फुगडीला बोलावत होतीस. आणि मी तुझे हात चादरीखाली ठेवले.

आज महिना झाला. आज शालूताईंबरोबर फिरले. अंग चोरलं नाही. रडतानाही नाही.

तुझाच नियम आहे, कळतंय मला. पण अजून एक हवी होती गं.

सुमनआत्या, तुला तुझ्या पोरीचा नमस्कार. पूर्ण वजनानिशी.